घाटाच्या रस्त्यावर लेकराला गाडी लागू नये म्हणून

प्रश्न असा आहे: आम्ही दर्यापूर तालुक्यातले, माझं माहेर धारणीकडचं. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. परतवाडा सोडून घाट लागला की मुलगी ओकायला लागते आणि धारणी येईपर्यंत तीन-चार वेळा ओकते. उलटीचं सिरप पाजून पाहिलं, गुण आला नाही. गावात बैलबंडीत शेतापर्यंत जाते-येते तेव्हा मात्र तिला काहीच होत नाही. एप्रिलच्या शेवटी भावाचं लग्न आहे, बोलेरो ठरवली आहे. तिला समोरच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू का? की निघताना झोपेची गोळी देऊ?

ताई, बैलबंडीचं तुम्ही आठवणीनं लिहिलंत ते फार बरं केलंत. गाडी का लागते ते त्यावरूनच नीट कळतं, आणि ते एकदा कळलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत.

आपल्या कानात, पडद्याच्याही पलीकडे, तोल सांभाळणारा एक अवयव असतो. त्यात तीन अर्धगोल नळ्या आणि त्यांत द्रव. गाडी वळली की तो द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते की आपण फिरतोय. त्याच्याच शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांना ब्रेक आणि वेग कळतो. डोळ्यांनीही तीच खबर दिली तर काही बिघडत नाही. बंडीत लेकरू उघड्यावर बसतं. त्याला बैल दिसतात, धुरा दिसतो, पार टोकापर्यंत पांदण दिसते. चाक आता खड्ड्यात जाणार हे आधीच कळतं. बोलेरोच्या मागच्या भागात सात वर्षांच्या मुलीला दिसते ती समोरच्या सीटची पाठ. डोळे म्हणतात सगळं जागच्या जागी आहे, कान म्हणतो आपण गरगर वळतोय. मेंदूला हा मेळ बसवता येत नाही आणि मळमळ सुरू होते. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १८८२ साली मूकबधिर लोकांच्या तपासणीत पाहिलं की गरगर फिरवलं तरी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चक्करच येत नाही. आतला कान मुळातच काम करत नसेल तर गाडीही लागत नाही, हे पुढच्या काळात पक्कं झालं. तेव्हा तुमच्या मुलीच्या पोटात काही दोष नाही, आणि ती नाटकही करत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण "हिचं नेहमीचंच आहे" असं चारचौघांत ऐकून माझ्यासमोर मान खाली घालून बसलेली पोरं मी पाहते.

दुसरा फरक हादऱ्यांचा. बंडीचे हादरे पटापट बसतात, त्यानं अंग दुखेल पण सहसा मळमळत नाही. सगळ्यात जास्त त्रास देतो तो सावकाश हेलकावा, साधारण पाच सेकंदांत एक या बेताचा. घाटातली वळणं नेमकी तशीच येतात: डावीकडे झोल, मग उजवीकडे, मध्येच ब्रेक, पुन्हा पिकअप. म्हणून खराब रस्त्यापेक्षा गुळगुळीत घाटात पोरं जास्त ओकतात, आणि आईवडील बिचारे म्हणतात, रस्ता तर चांगला होता.

वयाचंही सांगते. दोन वर्षांच्या आत गाडी लागणं क्वचितच. सहा ते बारा या वयात सगळ्यात जास्त, पुढे हळूहळू कमी होतं. घरात आईला, मावशीला अर्धशिशी असेल तर मुलांना गाडी लागण्याचं प्रमाण जास्त दिसतं. तुमच्याकडे तसं कुणाला आहे का, ते आठवून पाहा.

आता बसायचं कुठे. समोरच्या सीटवर मांडीवर घेऊन मुळीच बसू नका. समोरचा रस्ता दिसेल हे खरं, पण जोराचा ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू कुठल्याही आईच्या हातांनी धरून राहत नाही, आणि समोर एअरबॅग असेल तर ती उघडताना लेकरालाच लागते. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट हवी, नाहीतर एक हजार रुपये दंड, असं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातच आहे. दंडाचं जाऊ द्या. मुलं मागच्या सीटवर, पट्टा लावून, एवढं पक्कं धरा.

बोलेरोत मधली रांग घ्या. सगळ्यात मागची आडवी बाकडी, जिथे समोरासमोर तोंड करून बसतात, तिथे गाडी लागणाऱ्या मुलाला कधीच बसवू नका. तिथे तोंड रस्त्याच्या दिशेला नसतं, बाहेरचं धड दिसत नाही, आणि मागच्या चाकाच्या वरचा-मागचा भाग गाडीत सगळ्यात जास्त डोलतो. दोन चाकांच्या मधोमधचा भाग सगळ्यात कमी डोलतो. एसटीलाही हेच लागू: पुढून तिसरी-चौथी रांग बरी, शेवटचं बाकडं नको. मधल्या रांगेत अगदी मधोमध बसलं तर समोरच्या काचेतून रस्ता दिसतो. पण तिथे नुसता कमरेचा पट्टा असेल किंवा पट्टाच नसेल, तर खिडकीजवळची खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याची जागाच घ्या. मुलगी ठेंगणी असेल आणि काच तिच्या डोळ्यांच्या वर राहत असेल तर मुलांसाठी मिळणारी उंच बैठक, दुकानात तिला बूस्टर म्हणतात, ती खरोखर उपयोगी पडते. पट्टा मानेऐवजी खांद्यावर बसतो आणि बाहेरचंही दिसतं. घरची उशी मात्र खाली घालू नका. ब्रेक लागला की उशी सरकते आणि लेकरू पट्ट्याखालून निसटतं.

तुम्हाला माहीतच आहे, लग्नाच्या गाडीत नेहमी जागेपेक्षा माणसं जास्त कोंबतात. मुलांना मागे ढकलतात, कारण ती लहान, कुठेही मावतात. यावेळी तेवढं होऊ देऊ नका. मोठा माणूस मागे बसेल, ही मधल्या रांगेत बसेल, हे निघायच्या आदल्या दिवशीच घरात सांगून ठेवा. ऐन दारात वाद घातला की कुणी ऐकत नाही.

डोकं स्थिर राहणं फार महत्त्वाचं. सीटच्या पाठीला डोकं टेकवून ठेवायला शिकवा. मानेला दोन्ही बाजूंनी गुंडाळलेला टॉवेल लावला तरी चालतो. आणि नजर लांब. समोरच्या वळणावर, डोंगराच्या कडेवर, आभाळ टेकतं तिथे. खिडकीलगतची पळणारी झाडं बघितली की जास्त गरगरतं. एप्रिलअखेरीस त्या रस्त्यावर बहावा फुललेला असतो. "पुढचं पिवळं झाड कुणाला आधी दिसतं" एवढ्या खेळानं पंधरा-वीस मिनिटं नजर आपोआप लांब राहते. गाणी म्हणा, भेंड्या लावा. डोळे मिटून झोप लागली तर उत्तमच, कारण मिटलेले डोळे कानाशी भांडत नाहीत.

मोबाईल नको. पूर्ण प्रवासात नको. माझ्याकडे गाडी लागते म्हणून येणाऱ्या मुलांमध्ये आता हे कारण फार दिसतं. पोरगी गप्प बसावी म्हणून कार्टून लावून फोन हातात देतात, मान खाली, डोळे वीतभर अंतरावर, आणि गाडी घाटात. वर सांगितलेला बेमेळ याहून नेमका जमवता येणार नाही. पुस्तक, रंगवायची वही, बॅगेत वाकून काही शोधणं, सगळ्यांना हेच लागू आहे. भाऊ शेजारी बसून फोन बघत असेल तर तीही वाकून बघणार, म्हणून त्यालाही नको.

गाडी चालवणाऱ्या दादांशी आधी बोला. ते स्वतः वर्षानुवर्षं घाट चढतात-उतरतात पण त्यांना गाडी लागत नाही. वळण कधी येणार, किती येणार हे त्यांच्याच हातात असतं म्हणून. तेवढं थोडं मुलीलाही मिळू द्या. शेजारी बसलेल्यानं "आता डावीकडे वळण हं" म्हणत राहिलं की तिचं अंग तयार राहतं. दादांना तीन गोष्टी सांगा. घाटात वेग एकसारखा ठेवा, वळणाच्या आतच ब्रेक दाबू नका, आधीच कमी करा. गाडीत लटकवलेला सुगंध आणि उदबत्ती काढून ठेवा. आणि घाट संपेपर्यंत खर्रा, बिडी नाही. खर्‍याच्या तंबाखूचा आणि डिझेलचा वास बंद गाडीत एकत्र झाला तर मोठ्या माणसालाही कसंतरी होतं. हे मोकळेपणानं बोलायला लोक लाजतात. तुम्ही भाडं देताय, लेकराचं सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही.

निघायचं पहाटे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि उकाड्यानं मळमळ नक्की वाढते. साडेपाचला निघालात तर ऊन चढायच्या आत घाट ओलांडाल. गार हवा तोंडावर येऊ द्या. एसी असेल तर झोत तिच्याकडे वळवा. ऊन ज्या बाजूनं येतं त्या बाजूला तिला बसवू नका.

उपाशीपोटी नेऊ नका. "पोटात काही नसलं म्हणजे ओकणार काय" हा समज चुकीचा आहे. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते आणि पित्ताची कडू वांती जास्त दमवते. निघण्याच्या अर्ध्या-पाऊण तासाआधी अर्धी भाकर, मूठभर मुरमुरे किंवा दोन साधी बिस्किटं. दूध, तळलेलं, तर्रीचे पोहे, सांबारवडी असलं काही नको. वाटेत थोडं थोडं पाणी. तीन वर्षांच्या लेकराला चालत्या गाडीत फुटाणे, शेंगदाणे, सुपारी, लवंग देऊ नका. हादऱ्यात श्वासनलिकेत अडकतं आणि ते गाडी लागण्यापेक्षा कितीतरी भयंकर. परतीच्या वेळी तर जास्त जपायचं. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा भरपेट झाला आणि लगेच गाडीत बसवलं की सेमाडोहच्या आत सगळं बाहेर. तिला वरण-भात द्या, आणि जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या.

आल्याचं लोक विचारतात. आल्याची छोटी वडी चघळायला द्यायला हरकत नाही, काहींना थोडा आराम पडतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. संत्र्याची साल किंवा लिंबू हुंगल्यानं गाडीतले वास झाकले जातात आणि मन रमतं, तेवढा फायदा खरा. पोटाला वर्तमानपत्र बांधणं, कागदावर बसवणं यानं काही होत नाही. अपायही नाही, आजीला बरं वाटत असेल तर बांधू द्या.

आता चिन्हं ओळखा, कारण सगळा खेळ त्या पाच-दहा मिनिटांचा आहे. बडबडणारी मुलगी एकदम गप्प होते. जांभया सुरू होतात. चेहरा पांढुरका पडतो, ओठांवर घाम येतो, ती पुन्हा पुन्हा थुंकी गिळते. लहान मुलांना मळमळ हा शब्द सुचत नाही, ती "पोट दुखते" म्हणतात. पहिल्या जांभयांनाच गाडी थांबवा. उलटी झाल्यावर थांबण्यात काही राहत नाही. खाली उतरवा, चार पावलं चालवा, सावलीत बसवा, कपाळावर ओला रुमाल ठेवा, दहा मिनिटं द्या. मात्र तो व्याघ्र प्रकल्पाचा रस्ता आहे, जंगलात मध्येच उतरून झुडपाआड जाऊ नका. घटांग, सेमाडोह, हरिसाल हे थांबे आधीच ठरवा आणि त्रास नसला तरी तिथे उतराच. दर पाच मिनिटांनी "मळमळतंय का गं?" असं मात्र विचारू नका. विचारून विचारून नसलेलंही वाटायला लागतं. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत राहा, बस.

ओकलीच तर घाबरू नका, रागावू तर नकाच. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा झाकणाचा डबा पिशवीपेक्षा चांगला, सांडत नाही आणि झाकण लावलं की वास कोंडतो. झोपलेली असेल तर कुशीवर वळवा. चूळ भरू द्या. लगेच ग्लासभर पाणी पाजलं की तेही बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून ओआरएस चमच्या-चमच्यानं. पुडी एक लिटरची असेल तर बरोबर एक लिटर पाण्यात, अर्ध्या पाण्यात अर्धी अंदाजानं नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

सिरपचा गुण का आला नाही ते सांगते. उलटीचं म्हणून घरोघरी असतं ते बहुतेक ऑन्डान्सेट्रॉन. हगवण-ओकारीच्या आजारात ते चांगलं औषध आहे. पण गाडीची उलटी वेगळ्या वाटेनं येते: आतल्या कानाकडून मेंदूत जाणाऱ्या संदेशात हिस्टामीन आणि ॲसिटिलकोलीन ही रसायनं काम करतात, आणि ऑन्डान्सेट्रॉन त्यांना हात लावत नाही. डोमपेरिडोनचंही तेच. गाडीसाठी लागतात ती हिस्टामीन अडवणारी औषधं. डायमेनहायड्रिनेट किंवा प्रोमेथाझिन, म्हणजे बाजारात ॲव्होमिन म्हणून मिळते ती. ही तुम्ही म्हणता ती "झोपेची गोळी" नव्हे, पण त्यानं गुंगी येते. मी ती कुणाला देते? ज्या मुलाला वरचं सगळं करूनही लांबच्या घाटात त्रास होतो त्याला. निघायच्या अर्धा ते एक तास आधी द्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकतच नाही. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला कधीही द्यायचं नाही, श्वास मंदावू शकतो. मोठ्यांची गोळी अंदाजानं अर्धी-पाव करून देऊ नका, मात्रा वय आणि वजनावर ठरते. त्या दिवशी सर्दीचं सिरप चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यात बहुधा याच जातीचं औषध असतं आणि गुंगी दुप्पट होते. दमा किंवा फिट्स असतील तर तेही सांगा. आणि पहिला डोस लग्नाच्या दिवशी नको. आठ-पंधरा दिवस आधी घरी सुट्टीच्या दिवशी देऊन बघा; काही मुलं झोपण्याऐवजी उलट चिडचिडी, सैरभैर होतात. कानामागे लावायची हायोसिनची पट्टी मुलांसाठी नाही.

एक गोष्ट आपल्या भागासाठी वेगळी सांगते, आणि ही नीट वाचा. आपल्याकडे भाड्याच्या गाड्या शेतीच्या कामालाही जातात. काल त्यात फवारणीची बाटली, डबे नेले असतील, एखादी सांडली असेल. सीटखाली बघा, वास येतोय का बघा. फवारणीचा हंगाम नसला तरी डबे गाडीत पडून राहतात. लेकरू ओकतंय, आणि सोबत तोंडातून लाळ थांबत नाही, घामानं भिजलंय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, दम लागतोय, अंगाचे स्नायू फडफडतायत, तर ते गाडी लागणं नाही, विष आहे. घाम आणि लाळ दोन्हींत असते म्हणून चूक होते. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, १०८ ला फोन करा, बाटली असेल तर सोबत घ्या. मीठपाणी पाजून ओकायला लावू नका.

तसंच, अंग तापलेलं, लेकरू बरळतंय किंवा पेंगतंय, तर उन्हाचा झटका समजा. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, डोक्याला मार लागल्यावर उलट्या सुरू झाल्या असतील, किंवा धारणीला पोहोचून तीन-चार तास झाले तरी थांबत नसेल, तर दवाखाना गाठा. प्रवास नसतानाही सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून ओकारी येते, चालताना झोक जातो, कान वाहतो असं असेल तर लग्नाची वाट न बघता तपासून घ्या.

मधल्या दोन-तीन आठवड्यांत एक करता येईल. गाडी मिळेल तेव्हा तिला अंजनगावपर्यंत, मग परतवाड्यापर्यंत असं छोट्या फेऱ्यांना न्या, वर सांगितलं तसं बसवून. मळमळायच्या आत फेरी संपली पाहिजे. कान-डोळ्यांना सवय होते, आणि "गाडी म्हणजे ओकणं" ही भीती मनातून निघते. भीती असलेलं मूल गाडीचा दरवाजा उघडताच पांढरं पडतं, ते मी कितीदा पाहिलंय.

तीन वर्षांच्या मुलाला अजून त्रास नाही ना? मग त्याला कसलंही औषध नको, फक्त पट्ट्याची सीट आणि मोबाईल नाही. मुलीसाठी गोळी लागेल असं वाटलं तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. जाताना मागच्या सिरपची बाटली आणि चालू असलेली सगळी औषधं पिशवीत टाका, आणि वजन तिथल्याच काट्यावर करून घ्या, शाळेतल्या जुन्या नोंदीवरून नको.